बाराव्या पेरावरचा डोळा

कोल्हापूरकडं कुणी बोलताना लांबण लावली की समोरचा हमखास म्हणतो, "काय एरंडाचं गुऱ्हाळ लावलंय!" उसाचा रस निघतो, रसाचा गूळ होतो. एरंडाची पोकळ काठी चरकात घातली तर चरक फिरत राहतो आणि हाती काहीच लागत नाही. म्हण चपखल आहे, पण ती करणाऱ्यानं एरंडाचं खोड पाहिलं, बी पाहिलं नाही, असं मला वाटतं.

कारण आमच्या गावच्या गुऱ्हाळावर एरंडेलाची एक बाटली चुलवाणाजवळ कायम असायची. रसाला उकळी फुटून फेस काईलीच्या काठापर्यंत चढायला लागला की गुळव्या बाटलीतलं तेल काडीवर घ्यायचा आणि त्याचे चार-सहा थेंब फेसावर झटकायचा. बघता बघता फेस खाली बसायचा. मी तेव्हा आठवीत होतो. "काका, एवढ्याशा तेलानं एवढा फेस कसा बसला?" असं विचारलं, तर काईलीवरची नजर न हलवता ते म्हणाले, "तेलालाच इचार की."

पुढं रसायनशास्त्र शिकलो, शिकवायला लागलो आणि खरोखरच त्या तेलाला विचारत आलो. फेसाचं उत्तर सोपं आहे. बुडबुड्याच्या पातळ पापुद्र्यावर तेलाचा थेंब पसरला की पापुद्रा तिथं कमकुवत होऊन फुटतो, आणि हे कुठलंही तेल करू शकतं. पण एरंडेलाकडं बाकीच्या कुठल्याही रोजच्या तेलाकडं नसलेली एक गोष्ट आहे. तिच्यामुळंच ते जुलाबाच्या औषधात, बेअरिंगच्या ग्रीसमध्ये, चमेलीच्या वासाच्या साबणात आणि ट्रकच्या ब्रेकच्या नळीत जाऊन बसलं आहे.

तेल म्हणजे काय, तिथून सुरुवात करू. कुठल्याही खाद्यतेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरॉलची एक आखूड दांडी आणि तिला टांगलेल्या तीन लांब साखळ्या. या साखळ्या म्हणजे मेदाम्लं, इंग्रजीत ज्यांना फॅटी अ‍ॅसिड म्हणतात ती. दांडी सगळीकडं सारखीच, फरक पडतो तो साखळ्यांमुळं. शेंगतेलात मुख्यतः ओलेइक आणि लिनोलेइक आम्लाच्या साखळ्या असतात. एरंडेलात मात्र शंभरातल्या ८५ ते ९० साखळ्या एकाच आम्लाच्या, रिसिनोलेइक आम्लाच्या. हे नाव एरंडाच्या शास्त्रीय नावावरून आलं, रिसिनस कम्युनिस. लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीड. म्हशीच्या कानामागं रक्त पिऊन टम्म झालेला गोचीड ज्यानं काढला असेल, त्यानं एरंडीचं ठिपक्यांचं बी एकदा हातात घेऊन बघावं. नाव का पडलं ते वेगळं सांगावं लागणार नाही.

आता हे आम्ल डोळ्यांसमोर आणायचं तर अठरा पेरांचा एक ऊस मनात धरा. प्रत्येक पेर म्हणजे एक कार्बन अणू. बुडाशी, पहिल्या पेरावर, आम्लाचा गट असतो. ग्लिसरॉलच्या दांडीला ऊस तिथंच बांधलेला असतो. नवव्या आणि दहाव्या पेरांमध्ये दुहेरी बंध आहे, त्यामुळं ऊस तिथं कमरेत वाकलेला आहे. इथपर्यंत हा ऊस आणि शेंगतेलातलं ओलेइक आम्ल यांत काडीचा फरक नाही. फरक आहे बाराव्या पेरावर. तिथं एक डोळा आहे.

उसाचा डोळा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पोराटोरांना माहीत असतं. कांडीवरच्या या फुगीर ठिपक्यातूनच नवा कोंब येतो. एक डोळ्याची टिपरी लावली तरी पुढं अख्खं बेट होतं. रिसिनोलेइक आम्लाच्या बाराव्या पेरावरचा डोळा म्हणजे एक ऑक्सिजन आणि त्याला धरलेला एक हायड्रोजन. हा हायड्रॉक्सिल गट. पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये हीच जोडी असते. बाकीच्या तेलांचे ऊस मध्ये गुळगुळीत, याला मात्र अंगावर डोळा. यातून जे जे कोंब फुटले, त्यांची गोष्ट म्हणजेच हा लेख.

पहिला परिणाम तर बाटली तिरकी केली की दिसतो. एरंडेल दाट असतं. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी एक प्रयोग दाखवतो. दोन उंच काचेची मोजपात्रं, एकात शेंगतेल, दुसऱ्यात एरंडेल. उद्यमनगरातल्या बेअरिंगच्या दुकानातून आणलेला २ मिलिमीटरचा पोलादी छर्रा वरून सोडायचा. शेंगतेलात पोरं "एक" म्हणून "दोन" म्हणायच्या आत तो तळाला टेकतो. एरंडेलात तो निवांत उतरतो, दहापर्यंत मोजून होतं. कारण डोळ्यातला हायड्रोजन शेजारच्या उसाच्या डोळ्यातल्या ऑक्सिजनकडं ओढला जातो. याला हायड्रोजन बंध म्हणतात. एकेक बंध दुबळा असतो, क्षणात तुटतो आणि क्षणात जुळतो. पण पंचमीच्या फेरातल्या बायकांसारखं सगळ्यांनी सगळ्यांचे हात धरले, तर त्या घोळक्यातून वाट काढणाऱ्याला वेळ लागणारच.

दुसरा प्रयोग दोन परीक्षानळ्यांचा. दोन्हींत ९५ टक्क्यांचं स्पिरिट घ्यायचं, एकीत थोडं शेंगतेल, दुसरीत थोडं एरंडेल घालून हलवायचं. पहिली नळी दुधासारखी होते आणि जरा वेळानं तेल तळाला जमतं. दुसरी नितळ, तेल गेलं कुठं तेच कळत नाही. स्पिरिटच्या रेणूवर तोच हायड्रॉक्सिल गट असल्यामुळं दोघांचं लगेच जमतं. उलट पेट्रोलशी एरंडेलाचं जमत नाही. हे न जमणंच पुढं मोठ्या कामाचं ठरलं.

पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच विमानांना रोटरी इंजिन होतं. त्याचे सिलिंडर स्वतःच गरगर फिरायचे आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण इंजिनच्या पोटातून जायचं. साधं खनिज तेल घातलं तर पेट्रोल ते धुऊन न्यायचं. एरंडेल टिकायचं, तापल्यावरही पुरेसं दाट राहायचं आणि पोलादाला धरून बसायचं. कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ सालचं, कॅस्टर ऑइलवरून घेतलेलं. आपल्याकडच्या गाडीवानांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण ते कधीपासून घालत होते.

आता पोटाकडं वळू, कारण एरंडेल म्हटलं की पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाचं तोंड वाकडं होतं. सुट्टीतली एखादी सकाळ, कोऱ्या चहावर तरंगणारा तेलाचा थर आणि आजीनं दाबून धरलेलं नाक. त्या काळी समज असा की तेल आतडी बुळबुळीत करतं आणि सगळं घसरून बाहेर पडतं. तसं असतं तर वाटीभर शेंगतेलानंही तेच झालं असतं. खरा प्रकार वेगळा आहे. लहान आतड्यात लायपेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तेलाच्या दांडीपासून साखळ्या सोडवतं आणि रिसिनोलेइक आम्ल मोकळं होतं. आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूंवर ईपी-३ नावाची कुलपं असतात. एरवी ती प्रोस्टाग्लँडिन या शरीराच्याच किल्लीनं उघडतात, पण बाराव्या पेरावर डोळा असलेला हा ऊसही त्या कुलपात बसतो. कुलूप उघडलं की स्नायू आकसतात आणि आतडं माल पुढं ढकलतं. ही गोष्ट पक्की झाली ती २०१२ साली, जर्मनीत बाड नाउहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत श्टेफान ऑफरमान्स यांच्या गटाच्या कामातून. ज्या उंदरांमध्ये हे कुलूपच नव्हतं, त्यांच्यावर एरंडेलाचा काही परिणाम झाला नाही. हजारो वर्षं लोक हे औषध घेत आले आणि त्याचं नेमकं कारण कळून फार दिवस झालेले नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं.

तेच कुलूप गर्भाशयाच्या स्नायूंवरही असतं. म्हणून गरोदर बाईनं डॉक्टरला विचारल्याशिवाय एरंडेल पिऊ नये. ही जुनी भीती नाही, त्याच रसायनाचा दुसरा परिणाम आहे. आणि हल्ली बेंबीत एरंडेल घालायचं जे वेड निघालं आहे, त्याबद्दल एवढंच सांगतो की आम्ल मोकळं करणारं लायपेज आतड्यात असतं, बेंबीत नसतं. केसांचंही तसंच. दाट तेलाचा थर बसल्यानं केस चमकतात, जाडसर वाटतात, पण एरंडेलानं नवे केस येतात याला भरवशाचा पुरावा नाही. तुरीच्या डाळीला, गव्हाला एरंडेल चोळून ठेवतात ते मात्र शहाणपणाचं आहे. त्या दाट थरामुळं किडीला दाण्यावर अंडी घालून वाढणं अवघड जातं, आणि धुतल्यावर जे तेल उरतं ते पोटाला लागण्याइतकं नसतं.

माझा जीव ज्यात सगळ्यात जास्त रमतो, ते आता सांगतो. कारखान्यात या उसाचं काय काय करतात ते.

नवव्या-दहाव्या पेरांमधल्या दुहेरी बंधावर निकेलच्या मदतीनं हायड्रोजन चढवला की वाकलेला ऊस सरळ होतो. सरळ ऊस मोळीत नीट बसतात, तसे हे रेणू एकमेकांना लागून रचले जातात आणि पातळ तेलाचं कडक, पांढरं मेण होतं. ते वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापवावं लागतं. या मेणातून जे आम्ल सुटतं ते १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल. नावातच बारावं पेर आहे बघा. त्याची लिथियम हायड्रॉक्साइडशी गाठ घातली की लिथियमचा साबण तयार होतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा साबण काथ्याच्या पिळलेल्या दोरखंडासारखा दिसतो आणि त्या तंतूंच्या जाळ्यात वंगणाचं तेल अडकून राहतं. हेच लिथियम ग्रीस. त्याचं पहिलं पेटंट १९४२ सालचं, अमेरिकेतल्या क्लॅरेन्स अर्ल यांचं. त्याआधीचं चुन्याचं ग्रीस उष्णतेला टिकत नव्हतं आणि सोड्याचं ग्रीस पाणी लागलं की सुटत होतं. हे दोन्हींना पुरून उरलं.

शिरोलीच्या एमआयडीसीत एका मशिन शॉपमध्ये माझा जुना विद्यार्थी देखभालीचं काम बघतो. त्याच्याकडं गेलो होतो तेव्हा तो लेथच्या बेअरिंगमध्ये बोटानं ग्रीस भरत होता. "ह्यात एरंडेल आहे," म्हटल्यावर हात थांबवून त्यानं बोटावरचं ग्रीस बारकाईनं पाहिलं. म्हणाला, "सर, वर्गात तुम्ही सांगितलेलं. पण रोज हात घालतोय आणि आज पटतंय." कोल्हापूर परिसरातल्या फाउंड्र्या, मशिन शॉप, साखर कारखाने, पंप हे सगळं जिथं जिथं फिरतं, तिथं हे बारावं पेर सापडण्याची दाट शक्यता आहे.

दुसरा मार्ग म्हणजे ऊस तोडणे. इथं एकाच उसाला दोन वेगळे कोयते लागतात आणि तो दोन वेगळ्या ठिकाणी तुटतो.

पहिला कोयता उष्णतेचा. आम्लाचं आधी मेथिल एस्टर, म्हणजे मेथिल अल्कोहोलशी जोडलेलं रूप, करून घेतात आणि वाफेबरोबर ५०० अंशांच्या वर तापवतात. साखळी अकराव्या आणि बाराव्या पेरांच्या मध्ये तुटते, डोळ्याच्या अगदी अलीकडं. एक तुकडा अकरा कार्बनांचा, दुसरा सात कार्बनांचा. अकराच्या तुकड्यातून अंडेसिलेनिक आम्ल मिळतं. ते बुरशीला मारतं. पावसाळ्यात राधानगरी-गगनबावड्याकडं भाताची रोपलावण करून पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्यावरच्या आणि गजकर्णावरच्या मलमांत हे आम्ल आणि त्याचं जस्ताचं क्षार अनेक वर्षं वापरलं गेलं. आता त्याहून जोरकस औषधं आली आहेत. याच अकराच्या तुकड्यापासून नायलॉन-११ बनतं. ते फ्रान्समध्ये विकसित झालं आणि रिल्सान या नावानं विकलं जातं. ते पाणी फारसं शोषत नाही, थंडीत तडकत नाही, डिझेल-तेलाला दाद देत नाही. म्हणून ट्रकच्या एअर ब्रेकच्या नळ्या त्याच्या करतात. पुणे-बेंगळूर महामार्गावरून माल घेऊन जाणाऱ्या एखाद्या ट्रकचा ब्रेक अशा एरंडीच्या नळीतूनही लागत असेल.

सात कार्बनांचा तुकडा म्हणजे हेप्टानल. त्याचा स्वतःचा वास उग्र, तेलकट. पण बेंझाल्डिहाइडशी, म्हणजे कडू बदामाच्या वासाच्या पदार्थाशी त्याची जोडी जमली की जे बनतं त्याला चमेली-जाईच्या वळणाचा वास येतो. साबणात, अत्तरांत ते भरपूर वापरतात. एरंडेलाच्या वासानं ज्यांनी लहानपणी नाक मुरडलं, त्यांच्या न्हाणीघरातल्या साबणाचा सुवास त्याच झाडाचा असू शकतो.

दुसरा कोयता कॉस्टिक सोड्याचा. सोड्याबरोबर २५० अंशांच्या वर तापवलं की ऊस दहाव्या आणि अकराव्या पेरांच्या मध्ये तुटतो आणि दहा नि आठचे तुकडे होतात. दहाचं सेबॅसिक आम्ल. त्याच्यापासून ब्रशच्या केसांसाठीचं नायलॉन, थंडीतही न गोठणारी वंगणं आणि प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं बनतात. आठचा तुकडा एक अल्कोहोल. अकरा नि सात अठरा, दहा नि आठ अठरा. हा हिशोब फळ्यावर मांडला की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

डोळ्यातून थेट कोंब फुटतात तेही पुष्कळ आहेत. थंड ठेवून सल्फ्युरिक आम्ल घातलं की ते डोळ्यावर जाऊन बसतं आणि तेल पाण्यात मिसळायला लागतं. हे टर्की रेड ऑइल. साबणानंतर माणसानं बनवलेल्या अगदी पहिल्या धुलाई-द्रव्यांत त्याची गणना होते. कापड रंगवताना रंग सगळीकडं सारखा भिनावा म्हणून ते वापरलं गेलं, कमावलेलं कातडं मऊ करायलाही. नव्या कोल्हापुरी वहाणांनी पाय चावू नयेत म्हणून आमच्या घरी रात्री पट्ट्याला साधं एरंडेल लावून ठेवायचे. झाडाच्या सालीच्या आणि हिरड्याच्या अर्कात कमावलेलं ते कातडं सकाळपर्यंत तेल पिऊन नरम पडायचं. डोळ्यावरून पाणी काढून टाकलं, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजन उपटले, तर तिथं दुसरा दुहेरी बंध तयार होतो. मग एरवी कधीच न वाळणारं एरंडेल हवेत वाळून पापुद्रा धरतं आणि रंग-वार्निशात जातं. आयसोसायनेट नावाच्या रसायनाशी जोडलं तर पॉलियुरेथेन, म्हणजे फोमसारखं प्लास्टिक. चॉकलेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ४७६ हा आकडा दिसला तर तोही याच आम्लाचा वंशज समजा. वितळलेलं चॉकलेट साच्यात सहज वाहावं म्हणून तो घालतात. कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, ते शिरेतून देण्यासाठी एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात मिसळतात. त्या द्रावकाची काहींना अ‍ॅलर्जी येते, म्हणून आधी स्टेरॉइड देतात.

एक गोष्ट मात्र घाईनं ओलांडून चालणार नाही. एरंडीच्या बीमध्ये रायसिन नावाचं भयंकर विषारी प्रथिन असतं. १९७८ साली लंडनमध्ये गिओर्गी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाला मारायला तेच वापरलं गेलं, टाचणीच्या डोक्याएवढ्या गोळीतून. तेलात ते येत नाही, कारण ते पाण्यात विरघळणारं आहे. बी दाबलं की तेल बाहेर पडतं आणि विष पेंडीत राहतं. उष्णतेनं ते मरतं, पण प्रत्येक पोत्यातली पेंड पुरेशी तापवलेली असेलच असं धरून चालू नका. आपल्याकडं उसाला एरंडी पेंड घालतात, खत म्हणून ती उत्तम आहे. धोका शब्दात आहे. सरकी पेंड, शेंगपेंड आपण रोज म्हशींच्या पुढ्यात ठेवतो, आणि "पेंड" म्हणून आलेलं एरंडीचं पोतं गोठ्याच्या भिंतीलाच टेकवून ठेवलं जातं. ते पोतं गोठ्यापासून लांब, बंद खोलीत ठेवा. कुत्री तर त्याच्या वासानं ओढली जातात. आणि ओढ्याकडेच्या एरंडाची बोंडं पोरांना खेळायला देऊ नका.

जगातल्या एरंडीपैकी ८० टक्क्यांहून जास्त भारतात पिकते, त्यातली बहुतेक गुजरातेत, बनासकांठा, मेहसाणा, पाटण, कच्छकडं. आपल्याकडं एरंड लावावा लागत नाही, तो बांधावर आपोआप उगवतो आणि होळीच्या मध्यभागी रोवायला त्याची फांदी तेवढी आठवते.

मग हे आम्ल दुसऱ्या एखाद्या तेलबियेत का पिकवत नाहीत? प्रयत्न झाले. ओलेइक आम्लाच्या बाराव्या पेरावर डोळा बसवणाऱ्या एरंडाच्या विकराचं जनुक १९९५ साली अमेरिकेत वेगळं काढलं गेलं. ते मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपात घातलं. डोळे फुटले, पण असे ऊस शंभरात सतराच्या आसपास. कारण हा डोळा बसवला जातो पेशीच्या पडद्यात, आणि तिथून तो ऊस उचलून तेलात नेऊन ठेवणारी वेगळी विकरं लागतात. फड तयार होता, पण तोडून गाडीत भरणारी टोळी त्या रोपाकडं नव्हती. नंतर त्या टोळीतला एक गडीही एरंडाकडूनच उसना नेला, तेव्हा प्रमाण तीसच्या जवळ पोचलं. ओढ्याकडेला, कुणी पाणीही न घालता वाढलेल्या एरंडाचं नव्वदच्या जवळ असतं.